ब्रीडिंग केनेल बांधतोय: फरशी, निर्जंतुकीकरण, बाळंतिणीची खोली, नोंदी यांबद्दल नेमकी माहिती हवी

माळरान_सिन्नर

नमस्कार मंडळी. सिन्नर तालुक्यात शेताच्या कडेला 40 बाय 60 फुटांची जागा आहे, तिथे केनेल उभं करायचंय. चार लॅब्रॅडॉर माद्या, दोन कारवान माद्या आणि दोन्ही जातींचा एकेक नर, एवढंच ठेवणार. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीचा अर्ज करणार आहे, पण एकदा कोबा पडला की पुन्हा फोडता येत नाही, म्हणून बांधकामाआधी विचारतोय.

फरशी कुठली घालावी? ठेकेदार ग्लेझ्ड टाइल्सचा आग्रह धरतोय, "धुवायला सोपी" म्हणून. रोजच्या धुण्याला फिनेल पुरतं का, पार्वोसाठी (पिल्लांना जुलाब-उलट्यांनी मारणारा विषाणू) वेगळं काही लागतं? आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 च्या खाली जातो, तर पिल्लांसाठी वेगळी खोली लागेल की शेडमध्येच आडोसा करून भागेल? गाभण मादीला कॅल्शियम कितव्या आठवड्यापासून सुरू करतात? आणि केनेल क्लबचे कागद असले तरी सरकारी नोंदणी वेगळी लागते का, तपासणीला काय काय दाखवावं लागतं?

---

शेड_आणि_जाळी

बांधकामापुरतं मी सांगतो, आजाराचं पशुवैद्य मंडळी सांगतील.

ग्लेझ्ड टाइल अजिबात नको. ओली झाली की लॅब्रॅडॉरचे पाय चारी दिशांना फाकतात. वाढत्या पिल्लाच्या खुब्याला आणि पोट जड झालेल्या गाभण मादीला ते फार वाईट. शहाबादी फरशीचा घोळ वेगळा. तिचे सांधे कितीही भरले तरी दोन पावसाळ्यांत उघडे पडतात, मूत्र खाली मुरतं आणि मग तो वास कशानेच जात नाही. कोबा करा, घोटून गुळगुळीत न करता वरून झाडूचा हलका खरखरीतपणा ठेवा. फार खरखरीत केला तर तळपाय सोलतात आणि घाण अडकते. तळहात फिरवल्यावर पकड जाणवली पाहिजे, पण कातडं खरचटता कामा नये. भिंत आणि जमीन मिळते तिथे काटकोन ठेवू नका, सिमेंटची गोलाई द्या. घाण साचते ती त्या कोपऱ्यातच.

उतार दर फुटाला पाव इंच. दहा फुटांच्या पिंजऱ्याला अडीच इंच झाले. यापेक्षा कमी दिला तर पाणी थांबतं. गटार पिंजऱ्याच्या आत नको, बाहेरच्या बाजूने घ्या, आणि प्रत्येक पिंजऱ्याचं पाणी थेट गटारात पडू द्या. एका पिंजऱ्याचं धुतलेलं पाणी शेजारच्या पिंजऱ्यातून वाहत गेलं तर एकाचा जुलाब आठ जणांना होतो. मोठ्या केनेलांमध्ये नेमकी हीच चूक सर्रास दिसते.

दोन पिंजऱ्यांमधली भिंत खालून चार फूट भरीव बांधा, जाळी त्याच्या वर. नाकाला नाक लागत नाही, मूत्र पलीकडे उडत नाही आणि जाळीवरून दिवसभर एकमेकांवर भुंकणंही निम्म्यावर येतं. तळाला जाळी, म्हणजे तारेची फरशी, कोणी कितीही सांगितलं तरी घालू नका. बोटांच्या बेचक्यात जखमा होतात, नखं अडकतात, मादी नीट बसूही शकत नाही.

जागेचं म्हणाल तर अमेरिकेच्या फेडरल नियमात एक सूत्र आहे: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी इंचांत घ्यायची, त्यात 6 मिळवायचे, वर्ग करायचा, 144 ने भागायचं. 40 इंची लॅब्रॅडॉरला साधारण पावणेपंधरा चौरस फूट येतात. तेवढ्यात कुत्रं जेमतेम वळतं. त्याला मी राहणं म्हणणार नाही. तुमच्याकडे जागा आहे, तर आत 4 बाय 6 ची झोपायची कोरडी खोली आणि बाहेर 4 बाय 15 चा मोकळा पट्टा द्या. शिवाय दिवसातून दोनदा मोठ्या कुंपणात सोडणं आलंच. कारवान ही पळणारी जात आहे, पट्ट्यात फेऱ्या मारून तिचं भागत नाही. कुंपण किमान सहा फूट उंच हवं आणि पायथ्याला दीड फूट खोल गाडलेलं.

छत नुसतं पत्र्याचं नको. पत्र्याखाली सहा इंच हवा सोडून दुसरं आवरण घाला, वरून पांढरा चुना द्या आणि दोन्ही बाजूंना छताजवळ झरोके ठेवा. सकाळी शेडमध्ये शिरल्या शिरल्या डोळे चुरचुरले तर अमोनिया साठलाय असं समजा. आणि माणसाचं नाक पाच फुटांवर असतं, कुत्र्याचं दीड फुटावर. म्हणून खाली बसून वास घ्या.

एक राहिलं. मुख्य दाराला दोन फाटकं करा, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. माजावर आलेली मादी एका क्षणात निसटते.

---

पशुवैद्य_मराठवाडा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. आता फिनेलचा प्रश्न.

फिनेलने पार्वो मरत नाही. हा विषाणू सावलीच्या, दमट जागेत महिनोन्महिने टिकतो आणि बहुतेक सुगंधी जंतुनाशकांना दाद देत नाही. फिनेलचा वास आला की जागा स्वच्छ झाली असं वाटतं, पण पिल्लांच्या खोलीत ते उलट घातक आहे. त्यातले फिनॉल वर्गातले घटक ओल्या फरशीवरून पिल्लांच्या पोटाच्या कातडीला भाजतात आणि चाटण्यातून पोटात जातात.

सोडियम हायपोक्लोराइट वापरा. घरगुती ब्लीच साधारण 5 टक्क्यांचं असतं, ते लिटरला 30 मिली. 10 टक्क्यांचं मिळालं तर लिटरला 15 मिली. द्रावण रोज ताजं करा. उन्हात ठेवलेला कॅन महिनाभरात मवाळ होतो. क्रम असा ठेवा: आधी विष्ठा कोरडी उचलायची, मग साबणाच्या पाण्याने घासायचं, धुवायचं, पाणी ओढून काढायचं, मग ब्लीच टाकून 10 मिनिटं फरशी ओली राहू द्यायची, पुन्हा धुवायचं आणि सुकू द्यायचं. घाणीवर ब्लीच ओतलं तर क्लोरीन घाणीतच खर्ची पडतं, विषाणूपर्यंत पोचत नाही. बहुतेक ठिकाणी "ब्लीच वापरूनही पार्वो आला" म्हणतात त्यामागे घासण्याची ही पायरी गाळलेली असते. ब्लीच ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, मूत्र साचलेल्या जागेवर थेट टाकू नका, विषारी वायू निघतो. आणि धुताना कुत्रं बाहेरच्या पट्ट्यात हवं. त्याला आत ठेवून नळी मारू नये.

कामाचा क्रमही ठरलेला असू द्या. आधी पिल्लं, मग गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्या, मग मोठी कुत्री आणि सगळ्यात शेवटी विलगीकरण. उलटं फिरायचं नाही. विलगीकरणाच्या खोलीची बादली, खराटा आणि चप्पल वेगळी, रंगानेच ओळखू येईल अशी. दारात पाय बुडवायचा ट्रे ठेवतात, पण त्यात दुपारपर्यंत माती साठते आणि मग त्याचा उपयोग राहत नाही. वेगळी गमबूट जोडी त्यापेक्षा कितीतरी भरवशाची.

बाहेरून येणारं प्रत्येक कुत्रं किमान 21 दिवस वेगळं ठेवा. प्रजननासाठी आणलेलं असेल तर ब्रुसेला कॅनिस या जिवाणूची रक्ततपासणी आल्यावर एकदा आणि चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा. नुकताच संसर्ग झाला असेल तर पहिली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. या रोगात मादी वरून ठणठणीत दिसते आणि साधारण 45 ते 55 व्या दिवशी गर्भ टाकते. माणसालाही हा रोग होतो, म्हणून टाकलेले गर्भ, वार उघड्या हाताने उचलायचे नाहीत. नर-मादीची बाह्य जननेंद्रियं जोड लावण्याआधी नीट तपासा. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांमुळे टीव्हीटीच्या (जननेंद्रियांवरच्या संसर्गजन्य ट्यूमरच्या) गाठी बऱ्याच आढळतात आणि त्या मिलनातूनच पसरतात.

गोचिडांबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्या. कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या, बाकी सगळ्या भिंतीत असतात. तपकिरी गोचीड वर चढते. टॉर्च घेऊन छताजवळच्या भेगा, दाराच्या चौकटीमागची फट, जाळीच्या कोपऱ्यातला वेल्डिंगचा खड्डा बघा, राखाडी मण्यांसारख्या माद्या आणि अंड्यांचे पुंजके सापडतील. फटी सिमेंटने बुजवल्याशिवाय औषधाला यश नाही. एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार गोचिडांमार्फतच येतात. दूध पाजणाऱ्या मादीवर किंवा लहान पिल्लांवर अमिट्राझ हे गोचिडांचं औषध वापरू नका. त्यांच्यासाठी कोणतं औषध चालेल ते वजन-वय सांगून डॉक्टरांकडून घ्या.

---

माळरान_सिन्नर

खूप उपयोगी माहिती. टाइल्स रद्द केल्या. ग्रामपंचायतीत विहिरीसाठी ब्लीचिंग पावडर मिळते, ती चालेल का?

---

पशुवैद्य_मराठवाडा

चालेल. ताज्या पावडरीत साधारण 30 टक्के क्लोरीन असतं, तेव्हा लिटरला 5 ग्रॅम. विरघळवून अर्धा तास ठेवा, वरचं नितळ पाणी घ्या, खालचा चुन्याचा गाळ टाकून द्या, नाहीतर फरशीवर पांढरा थर बसतो आणि पंजे कोरडे पडतात. पोतं ओलसर झालेलं किंवा पावडरीचे गोळे झालेले असतील तर ती घेऊ नका.

---

पिल्लाची_आत्या

पिल्लांच्या खोलीबद्दल लिहिते, कारण केनेलची खरी परीक्षा तिथेच होते.

शेडमध्ये आडोसा पुरणार नाही. वेगळी खोली हवी, वर्दळीपासून आणि नरांच्या भुंकण्यापासून दूर. लॅब्रॅडॉरसाठी 4 बाय 4 फुटांची पेटी, कडा 18 इंच उंच, पुढची फळी काढता येईल अशी. पेटीच्या आत चारही बाजूंना, तळापासून चार इंचांवर आणि भिंतीपासून चार इंच पुढे आलेली दांडी बसवा. दीड इंची पीव्हीसी पाइप चालतो. मादी भिंतीला पाठ टेकून बसते तेव्हा मागे राहिलेलं पिल्लू त्या दांडीखालच्या पोकळीत वाचतं. ही दांडी नसल्यामुळे पिल्लं चिरडतात आणि दोष मादीच्या माथी मारला जातो.

मादीला विण्याच्या दहा दिवस आधी त्या खोलीत हलवा. गर्भकाळ सरासरी 63 दिवसांचा. 58 व्या दिवसापासून गुदद्वारातलं तापमान दिवसातून तीनदा घ्या आणि लिहून ठेवा. नेहमी 101 ते 102 फॅरनहाइट असतं, ते 99 च्या खाली उतरलं की बहुधा 24 तासांत कळा सुरू होतात. एकच आकडा बघून काही कळत नाही, उतार दिसायला आधीच्या नोंदी लागतात.

डॉक्टरांना ताबडतोब बोलवायची वेळ कोणती, ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा: जोराच्या कळा अर्धा तास चालूनही पिल्लू नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त अंतर आणि आत अजून पिल्लं आहेत, पहिल्या पिल्लाआधीच हिरवा-काळपट स्राव, तापमान उतरून 24 तास झाले तरी कळा नाहीत. हिरवा स्राव म्हणजे वार सुटलेली असते, पिल्लाचा प्राणवायू तुटत असतो. तिथे "थोडी वाट बघू" चालत नाही. कळा वाढवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन स्वतः द्यायचं नाही. पिल्लू आडवं अडकलेलं असेल तर गर्भाशय फाटू शकतं.

आता ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लाला थरथरून स्वतःची ऊब तयार करता येत नाही. पिल्लं झोपतात त्या पातळीवर पहिला आठवडा 29 ते 32 अंश सेल्सिअस, दुसऱ्या आठवड्यात 27 च्या आसपास, चौथ्यापर्यंत हळूहळू 24. इन्फ्रारेड दिवा पेटीच्या एकाच कोपऱ्यावर लावा, म्हणजे मादीला गार बाजूला सरकता येतं. दिवा वायरवर टांगू नका, साखळीवर टांगा. थर्मामीटर पेटीच्या तळाशी ठेवा, भिंतीवरचा आकडा कामाचा नाही. पिल्लंही सांगतातच: एकमेकांवर ढीग करून ओरडत असतील तर थंडी, कडेकडेला विखरून धापा टाकत असतील तर उष्मा, शेजारी शेजारी पसरून मध्येच अंग झटकत झोपली असतील तर ठीक. सिन्नरच्या थंडीत रात्री वीज गेली तर काय, याची सोय आधी हवी. इन्व्हर्टरवर दिव्याचं एक कनेक्शन घ्या, आणि टॉवेलात गुंडाळायला गरम पाण्याच्या बाटल्या हाताशी ठेवा.

गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका. त्याचं आतडं थांबलेलं असतं, दूध पोटात कुजतं किंवा फुफ्फुसात जातं. आधी अंगाची ऊब 35 अंशांच्या वर आणा, तीही हळूहळू, तासभर घेऊन. मग पाजा.

वजन रोज एकाच वेळी करायचं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा डिजिटल काटा पुरतो. पिल्लांच्या गळ्यात वेगवेगळ्या रंगांचे लोकरीचे सैल धागे बांधा आणि दर दोन दिवसांनी ते सैल करत जा, पिल्लं झपाट्याने वाढतात. लॅब्रॅडॉरचं पिल्लू जन्मतः साधारण 400 ते 500 ग्रॅमचं. पहिल्या दिवशी थोडं उतरलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवसापासून वाढलंच पाहिजे आणि आठ-दहा दिवसांत दुप्पट झालं पाहिजे. आजारी पिल्लू डोळ्यांना दिसायच्या आधी काट्यावर दिसतं. पहिल्या 12 तासांत प्रत्येकाच्या पोटात चीक गेलाय ना, हे एकेकाला सडाला लावून बघा. दहा पिल्लांच्या वेतात दुबळं पिल्लू दरवेळी मागे ढकललं जातं.

तिसऱ्या आठवड्यापासून माणसांचा सराव सुरू करा. तीन ते बारा आठवडे हा त्यांचा शिकायचा काळ. वेगवेगळी माणसं, भांड्याचा आवाज, गवत, माती, पायरी, सगळं थोडं थोडं दाखवा. चार भिंतींत आठ आठवडे काढलेलं पिल्लू घरी गेल्यावर मिक्सरलाही घाबरतं आणि मग चावकं म्हणून परत येतं.

---

पशुवैद्य_मराठवाडा

कॅल्शियमचा प्रश्न राहिला होता. गाभणपणात कॅल्शियमच्या गोळ्या किंवा सिरप अजिबात नको. वरून भरपूर मिळालं की हाडांतून कॅल्शियम काढून देणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि नेमकं दूध सुरू झाल्यावर, जेव्हा गरज एकदम वाढते, तेव्हा रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. आपण देतो ते टाळण्यासाठी, आणि होतं उलटंच. मोठं वेत असलेल्या मादीत विल्यापासून तीन-चार आठवड्यांत विशेष लक्ष ठेवा: अस्वस्थपणा, धापा, ताठ चाल, मग थरथर आणि झटके. अशा वेळी पिल्लं लगेच बाजूला काढा आणि मादीला दवाखान्यात न्या. शिरेतून कॅल्शियम हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत द्यावं लागतं. ते काम घरी होत नाही.

गोळ्यांऐवजी खुराक नीट करा. गाभणपणाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत पिल्लांचं दर्जेदार फीड द्यायला लागा, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, कारण पोटात जागा नसते. दूध ऐन भरात असताना, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, मादीला एरवीच्या तिप्पट खाणं लागू शकतं. पाणी कायम समोर हवं. नुसती भाकरी-दुधावर ठेवलेली मादी महिन्याभरात बरगड्यांवर येते.

जंतनाशक पिल्लांना 2, 4, 6 आणि 8 आठवड्यांना, आणि त्याच दिवशी आईलाही. गोल जंत गर्भातूनच येतात आणि हुकवर्म दुधातून, म्हणून "पिल्लं बाहेर गेलीच नाहीत" हे कारण चालत नाही. लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू, मग दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा डोस 16 आठवड्यांना किंवा त्यानंतर. आईकडून आलेली प्रतिपिंडं मधल्या डोसांना निष्प्रभ करतात, म्हणून शेवटचा डोस सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो पिल्लू नव्या घरी गेल्यावर येतो. घेणाऱ्याला तारीख लिहून द्या. रेबीज तीन महिन्यांना.

---

नोंदवही

कागदांचं सांगतो. केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी वंशावळीची, सरकारी नोंदणी व्यवसायाची. एक असली म्हणून दुसरी माफ होत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा, त्याखालचे कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम 2017 चे. प्रमाणपत्र राज्य मंडळ देतं, दोन वर्षांसाठी, आणि ते केनेलवर दिसेल असं लावावं लागतं.

त्यातल्या मुख्य मर्यादा अशा: मादी 18 महिन्यांची झाल्याशिवाय जोड लावायची नाही, त्याआधी पशुवैद्याचा ती निरोगी असल्याचा दाखला, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचच, आणि आठ वर्षांनंतर नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. सहा महिन्यांवरचं कुत्रं विकायचं तर निर्बीजीकरण करून, घेणारा स्वतः नोंदणीकृत ब्रीडर असेल तरच सूट.

या सगळ्या किमान मर्यादा आहेत. लॅब्रॅडॉरच्या खुब्याचा एक्स-रे 24 महिन्यांना काढला तर निकाल जास्त भरवशाचा येतो, तेव्हा 18 महिन्यांना घाई कशाला? सांधा खराब निघाला तर त्या मादीला पैदाशीतून काढा, मग ती दिसायला कितीही देखणी असो.

नोंदी प्रत्येक कुत्र्याच्या स्वतंत्र कार्डावर ठेवा: 15 आकडी मायक्रोचिप क्रमांक, जन्मतारीख, आईबाप, लस व जंतनाशकाची तारीख आणि बॅच, माजाच्या तारखा, जोड, विण्याची तारीख, किती जन्मली, किती जगली, मेलेल्याचं कारण. मेलेली पिल्लं बहुतेक जण लिहीत नाहीत. पण एकाच नराच्या तीन वेतांत टाळू फाटलेली पिल्लं आली, हे फक्त त्या रकान्यातूनच कळतं. चिप टोचण्याआधी आणि टोचल्यावर रीडरने वाचून बघा, आणि वर्षातून एकदा सगळ्यांची पुन्हा वाचा, चिप अंगात सरकते.

माणसांचा हिशोबही अर्जाआधी करा. आठ मोठी कुत्री आणि एक वेत अंगावर असताना दोन माणसं पूर्णवेळ लागतात, शिवाय रजेवर गेलेल्याच्या जागी येणारा तिसरा. हात तेवढेच असतील तर दोन माद्यांना एकाच महिन्यात जोड लावू नका. निष्काळजीपणाच्या बऱ्याच तक्रारींमागे क्रूरपणा नसतो, माणसं कमी आणि कुत्री जास्त झालेली असतात. पण त्रास कुत्र्याला तेवढाच होतो.

---

माळरान_सिन्नर

सगळ्यांचे मनापासून आभार. गिऱ्हाईक पिल्लं बघायला येतात, तेव्हा त्यांना आत सोडावं का? आणि पैदास थांबलेल्या माद्यांचं लोक काय करतात?

---

नोंदवही

आईसकट पिल्लं दाखवावीतच, तो घेणाऱ्याचा हक्क आहे. पण पिल्लांच्या खोलीत नाही. फाटकाजवळ एक वेगळी जागा करा, आईला आणि पिल्लांना तिथे आणा. येणाऱ्याला आधी फोनवरच विचारा, घरात किंवा ओळखीत गेल्या काही महिन्यांत कुत्रं जुलाब-उलट्यांनी गेलंय का. गेलं असेल तर पिल्लांचं लसीकरण होईपर्यंत येऊ नका असं स्पष्ट सांगा. चपला बाहेर, हात साबणाने धुतलेले, एका दिवशी एकच कुटुंब. सहा आठवड्यांआधी कोणालाच नाही.

पैदास थांबलेल्या मादीचं निर्बीजीकरण करून घ्या. माजानंतर पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू, होण्याचा धोका वयाबरोबर वाढतो आणि तो जीवावर बेततो. मग एकतर तिला कायम सांभाळा किंवा चांगलं घर बघा. पाच-सहा वर्षांची, माणसाळलेली लॅब्रॅडॉर घ्यायला लोक तयार असतात, वयस्क जोडपी तर मुद्दाम विचारतात. पण केनेलमध्येच वाढलेल्या मादीला घराची सवय नसते: पंखा, जिना, फरशी, एकटं राहणं. म्हणून देण्याआधी महिनाभर रोज काही तास तिला घरात ठेवा, पट्ट्याने रस्त्यावर चालवा. चिपची नोंद नव्या मालकाच्या नावावर करा आणि नाही जमलं तर कुत्रं तुमच्याकडेच परत येईल, असं लिहून घ्या. अर्जासोबतच्या आराखड्यात अशा म्हाताऱ्या माद्यांसाठी दोन पिंजरे आत्ताच राखून ठेवा, कारण सहा माद्या एकाच वेळी आणल्या तर त्या थांबणारही जवळपास एकाच वर्षी.